जुन्या ब्रिटिश मोटरसायकलचं हँडल उतरवायचंय? सुरुवात खालून करा

पाने हातात घेतले की नवख्याचा हात आधी हँडलकडे जातो. ते साहजिकच आहे. लिव्हर, मुठी, स्विच सगळं डोळ्यांसमोर असतं, स्क्रूही दिसतात, आणि पाच मिनिटांत काहीतरी सुटं झाल्याचं समाधान मिळेल असं वाटतं. पण हँडलवरची जवळजवळ प्रत्येक वस्तू खाली कशाला तरी बांधलेली असते. क्लचची लिव्हर गिअरबॉक्सला, ब्रेकची लिव्हर पुढच्या चाकाला, उजवी मूठ कार्बोरेटरला, स्विच हेडलाइटच्या वाटीतल्या वायरींना. खालचं टोक ताणलेलं असताना वरचं टोक ओढून काढायला गेलं की लिव्हरचा कान तुटतो, तारेचे पदर उसवतात, नाहीतर सोल्डर केलेली वायर तुटून हातात येते. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे: आधी खालचं टोक मोकळं करायचं, मग मधला मार्ग, आणि हँडल सगळ्यात शेवटी.

लेख मुख्यतः पन्नास ते सत्तरच्या दशकातल्या ट्रायम्फ, बीएसए आणि नॉर्टनसाठी आहे. त्याआधीच्या गाड्यांचं वेगळेपण जिथे आलं तिथे सांगितलंय. ब्रेकच्या बाबतीत दोन वेगळी जगं आहेत. एक केबलवर चालणाऱ्या ड्रमचं आणि दुसरं तेलावर चालणाऱ्या डिस्कचं. नॉर्टन कमांडोला पुढे डिस्क आली १९७२च्या सुमारास, ट्रायम्फच्या ७५० सीसी बॉनव्हिलला आणि ट्रायडंटला १९७३ मध्ये. तुमची गाडी कुठल्या बाजूची आहे ते पाहून त्या भागाकडे वळा.

पाने: इथे मिलिमीटरचा संच चालणार नाही

ही गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांचे बिघडलेले नट बहुतेक वेळा गंजाने नाही, चुकीच्या पान्याने बिघडलेले असतात. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापपद्धतीच्या, पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या डोक्याची रुंदी सांगत नाही, तो बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. म्हणजे १/४ व्हिटवर्थ असं लिहिलेल्या पान्याचं तोंड असतं ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिमी. १३चा पाना बसत नाही, १४चा बसतो पण सैल बसतो. तो लावून जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात. ३/१६चं तोंड ०.४४५ इंच, ५/१६चं ०.६०० इंच. एकाच पान्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक व्हिटवर्थचा आणि एक बीएसएफचा, म्हणजे बारीक आट्यांच्या ब्रिटिश मापाचा. त्यामुळे १/४ व्हिटवर्थ आणि ५/१६ बीएसएफ हा एकच पाना असतो.

आट्यांचाही गोंधळ आहे. जुन्या भागांवर बारीक सायकल आटे असतात, बहुतेक ठिकाणी इंचाला २६, आणि त्यांचा कोन ६० अंश. व्हिटवर्थ आणि बीएसएफचा कोन ५५ अंश. स्विचमधले छोटे स्क्रू बीए पद्धतीचे, त्यांचा कोन ४७.५ अंश. साठच्या दशकाच्या शेवटाकडे कारखाने हळूहळू युनिफाइड आट्यांकडे वळले, त्यामुळे त्या काळातल्या एकाच गाडीवर दोन-तीन पद्धती सुखाने नांदताना दिसतात. याचा अर्थ एवढाच, की कुठलाही नट ‘जवळपास बसतोय’ म्हणून दुसऱ्या बोल्टवर चढवू नका. सुटा केलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर परत दोन आटे फिरवून ठेवा.

फुलीसारख्या खाचेच्या स्क्रूंकडेही बारकाईने बघा. मोठ्या खाचेच्या मधोमध तिरक्या बारीक रेषा दिसल्या तर ती पोझिड्राइव्ह खाच आहे. त्यात साधा फिलिप्स पेचकस घातला की तो वर सरकतो आणि खाच खरवडतो. पोझिड्राइव्हचा पेचकस स्वस्त असतो, स्क्रू ड्रिल करून काढणं महागात पडतं.

याशिवाय लागेल ते असं: गंज सोडवणारं तेल, छोटी पितळी हातोडी, नाकाडी पक्कड, झाकणं असलेल्या डब्या, कागदी चिकटपट्टी, पेन, आणि फोटो काढायला फोन. डिस्कची गाडी असेल तर पाइपच्या नटासाठी वापरतात तो तोंडाला फट असलेला रिंग पाना, पारदर्शक रबरी नळी, हातमोजे, चष्मा आणि शेजारी एक बादली पाणी.

बॅटरी आणि टाकी

बॅटरी सोडवताना एक सवय इथे फसवते. या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं असतं आणि ती वायर लाल असते. नियम हाच, की चॅसीला जोडलेलं टोक आधी सोडायचं. म्हणजे इथे धन टोक आधी. ऋण टोकाचा नट आधी सोडायला गेलात आणि पाना चॅसीला टेकला, तर ठिणगी पडणारच. पण गाडी कुणीतरी मधे बदललेलीही असू शकते, म्हणून रंगावर विसंबू नका. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा आणि मग सोडा.

पेट्रोलचे नळ बंद करा, नळ्या काढा, टाकी उतरवा आणि लांब ठेवा. टाकी तशीच ठेवूनही काम होतं, हे खरंय. पण केबल टाकीखालून कशा जातात ते दिसत नाही, आणि ब्रेकचं तेल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो. टाकी उतरवणं हा वेळेचा अपव्यय नाही.

आता पाना लावण्याआधी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, वरून, पुढून, हेडलाइटच्या मागून. केबल फोर्कच्या पुढून जाते की मागून, योकच्या (फोर्कच्या नळ्या वर धरणाऱ्या आडव्या भागाच्या) कुठल्या बाजूने आत शिरते, चॅसीच्या नळीच्या डावीकडून की उजवीकडून, हे प्रत्येक केबलचं वेगळं टिपा. हँडल डावीकडे पूर्ण वळवून एक फोटो, उजवीकडे पूर्ण वळवून एक. परत जोडताना केबलचा मार्ग चुकला तर हँडल वळवल्यावर केबल ताणली जाते आणि इंजिनाचा वेग आपोआप वाढतो. हा दोष जुन्या गाड्यांवर वारंवार दिसतो आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा चुकलेल्या मार्गातच असतं.

हँडलचा कोन आणि लिव्हरच्या जागा कागदी पट्टीने खुणवा. आधीच्या मालकाने हँडल कसंही फिरवलेलं असलं तरी खूण करा. जागा बदलायची असेल तर मूळ जागा माहीत असलेली बरी.

थ्रॉटल: कार्बोरेटरकडून मुठीकडे

अमल कार्बोरेटरच्या दोन पिढ्या भेटतात. १९५५चा मोनोब्लॉक आणि १९६७चा कॉन्सेंट्रिक. मोनोब्लॉकच्या माथ्यावर खाचा असलेली गोल आट्यांची रिंग असते, ती बोटांनी सुटायला हवी. अडली तर कापड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. पान्याने आवळू नका, कारण कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो आणि दाबला की वाकडा होतो. कॉन्सेंट्रिकच्या टोपणाला दोन स्क्रू असतात. टोपण उचललं की स्प्रिंग, स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणारा दट्ट्या) आणि सुई एकदम वर येतात. सुई तिच्या भोकातून सरळ उचला, तिरकी ओढली की वाकते.

स्लाइड हातात आली की स्प्रिंग टोपणाकडे दाबून धरा. केबलचं निपल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची गोळी, स्लाइडच्या तळाच्या खाचेत अडकलेलं दिसेल. तार थोडी खाली ढकला, बाजूच्या मोठ्या भोकाकडे सरकवा, निपल सुटतं. सुईची क्लिप कुठल्या खाचेत आहे ते वरून मोजून लिहून ठेवा. दोन कार्बोरेटरच्या गाडीत डाव्या-उजव्या स्लाइड एकमेकींत मिसळू देऊ नका. झिजेने त्या आपापल्या बॉडीशी जुळलेल्या असतात. दोन डब्या, दोन चिठ्ठ्या.

दोन कार्बोरेटरच्या पुष्कळ गाड्यांत मुठीपासून एकच केबल निघते आणि टाकीखाली एका छोट्या डबीत तिच्या दोन होतात. ती डबी ओढाताण न करता तिथेच उघडा आणि आतली सरकती गोळी कुठल्या बाजूने बसली आहे ते बघून ठेवा.

आता मूठ. अमल पद्धतीच्या मुठीच्या आवरणाचे दोन अर्धे असतात, दोन स्क्रूंनी जोडलेले. त्यातल्याच एका अर्ध्यात आणखी एक स्क्रू असतो, मूठ घट्ट किंवा सैल फिरण्यासाठी. त्याच्या आत स्प्रिंगची पट्टी असते. आधी हा स्क्रू ढिला करा, मग जोडणारे दोन. वरचा अर्धा उचलताना तळहात खाली धरा, पट्टी निसटून जाते. आतल्या ढोलाच्या खाचेत निपल दिसतं. आपण खाली केबल सोडलेली असल्यामुळे ते नुसतं बोटाने उचललं जातं. हेच खालचं टोक जोडलेलं असताना करून बघाल तर पेचकसाने उचकटावं लागेल.

मुठीवरची रबरं जुनी असली की नळीला चिकटून बसतात. बदलायचीच असतील तर लांबीने कापा आणि मोकळे व्हा. ठेवायची असतील तर बारीक, बोथट पट्टी रबराखाली सरकवून साबणाचं पाणी आत सोडा, रबर पिरगाळत बाहेर काढा. तेल किंवा ग्रीस घालू नका. ते पुढे नव्या रबरालाही धरू देत नाही, आणि चालत्या गाडीवर मूठ निसटणं म्हणजे काय ते सांगायला नको.

क्लच

गिअरबॉक्सकडचं टोक गाडीप्रमाणे वेगळं असतं. कुठे बाहेर लिव्हर असते, कुठे झाकणाखाली. नॉर्टनच्या गिअरबॉक्सला बाहेरच्या आवरणावर तपासणीचं झाकण असतं, ते उघडलं की आतली लिव्हर दिसते. पण केबलला हात लावण्याआधी वरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून केबल जितकी ढिली करता येईल तितकी करा. खालीही अ‍ॅडजस्टर असेल तर तोसुद्धा. मग खालचं निपल त्याच्या घरातून सहज सुटतं.

आता लिव्हरकडे या. इथे एक छोटीशी रचना आहे, ती पाहून घेतली की पुढे कुठल्याही ब्रिटिश लिव्हरवर काम जमेल. अ‍ॅडजस्टरच्या स्क्रूला उभी फट असते. त्याच्या लॉकनटलाही फट असते. आणि लिव्हरच्या कंसालाही. सहसा त्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणूनच तार बाहेर पडत नाही. लॉकनट आणि अ‍ॅडजस्टर फिरवत तिन्ही फटी एका ओळीत आणा. बाहेरचं आवरण अ‍ॅडजस्टरमधून थोडं मागे ओढा. आतली तार फटींतून बाजूला सरकते, आणि लिव्हर थोडी दाबली की निपल खालून खाली पडतं. जोर लागत नाही, ओढावं लागत नाही. ओढावं लागत असेल तर एखादी फट अजून ओळीत आलेली नाही, किंवा निपलभोवती जुनं ग्रीस घट्ट झालंय. तेल सोडा, थांबा, परत बघा.

ड्रम ब्रेकची केबल

पुढच्या चाकाच्या ब्रेक प्लेटवर अ‍ॅडजस्टर असतो, कधी लिव्हरवर, कधी दोन्हीकडे. सगळे ढिले करा. ब्रेकच्या कॅमची लिव्हर हाताने दाबली की केबल सैल पडते. टोकाला दोन कानांमधून गेलेली पिन असेल तर स्प्लिट पिन सरळ करून काढा आणि फेकून द्या, ती परत वापरायची नसते.

१९६८नंतरच्या ट्रायम्फ-बीएसएच्या आठ इंची ड्रममध्ये ‘ट्विन लीडिंग शू’ रचना असते, म्हणजे ड्रमला आतून घासणारे दोन्ही ब्रेक शू ‘लीडिंग’ असतात. दोन कॅम लिव्हर, आणि त्यांना जोडणारी एक दांडी. त्या दांडीच्या लांबीला हात लावू नका. ती दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकतील अशी बसवलेली असते. ती बिघडली की ब्रेकची निम्मी ताकद जाते आणि ते परत बसवायला पुष्कळ वेळ लागतो. केबल काढायला त्या दांडीची गरजच पडत नाही.

या काळातल्या अनेक ट्रायम्फमध्ये ब्रेक दिव्याचा स्विच केबलच्या मध्येच असतो. केबल ओढण्याआधी त्याच्या दोन वायरी शोधा आणि सोडा.

ड्रम उघडणार असाल तर आतल्या धुळीबद्दल सांगणं गरजेचं आहे. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, म्हणजे त्याआधीचं अस्तर संशयित समजा. हवेच्या दाबाने धूळ उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ओल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बांधून टाका, नाका-तोंडावर योग्य मास्क घाला. डिस्कच्या जुन्या पॅडनाही हेच लागू.

डिस्कची गाडी: तेल, पाइप आणि होज

इथे घाई केली की सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिला प्रश्न: कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तोसुद्धा उघडायचा आहे का? असेल तर पाइप सोडण्याआधीच त्याचे पिस्टन बाहेर आणा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे पिस्टन गंजाने धरलेले असतात. त्यांना बाहेर ढकलण्याची सगळ्यात मोठी ताकद तुमच्या हातात आहे ती लिव्हरमध्ये. एकदा पाइप सुटला की ती गेली. पॅड काढा, कॅलिपर फोर्कवरून उतरवा, पण पाइपवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. लिव्हर हळूहळू दाबत जा, हँडलवरच्या मास्टर सिलेंडरच्या (लिव्हरने तेल दाबणाऱ्या भागाच्या) वाटीत ब्रेकचं तेल घालत राहा. एक पिस्टन आधी सरकेल. त्याला लाकडाच्या तुकड्याने अडवा आणि दुसरा सरकू द्या. दोन्ही जवळजवळ सुटण्याइतके बाहेर आले की थांबा, उरलेलं हाताने. पिस्टनच्या समोर बोटं नकोत. आणि या कामाला कॉम्प्रेसरची हवा कधीच वापरू नका, पिस्टन गोळीसारखा सुटतो. कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट मात्र सोडू नका, पिस्टन काढायला त्याची गरज नसते.

मग तेल काढा. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (तेल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीत सोडा, मास्टर सिलेंडरचं टोपण काढा, निपल अर्धा वळसा सोडा आणि लिव्हर दाबत राहा. निपल आत पोकळ असल्यामुळे जोर दिला की तुटतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, सहा बाजूंचा सॉकेटच लावा, हातोडीने डोक्यावर हलके टोले द्या. तरीही नाही सुटला तर सोडून द्या. तेल खालच्या पाइपच्या सांध्यातूनही निघतं, आणि कॅलिपर टेबलावर घेतल्यावर ते निपल सावकाश काढता येतं.

ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं की पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता. ते पाण्यात मिसळतं, म्हणून पाण्याने धुऊन जातं. बादली शेजारी ठेवायला सांगितली ती याचसाठी. हेच तेल हवेतली ओलही शोषून घेतं. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १५५पर्यंत उतरलेला चालतो असं ते प्रमाण सांगतं. म्हणून काढलेलं तेल परत वापरायचं नाही, आणि उघड्या बाटलीतलं जुनंही नाही. ते गटारात न ओतता बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या. गाडीत सिलिकॉनचं डॉट ५ भरलेलं असण्याचीही शक्यता असते. ते सहसा जांभळट दिसतं आणि पाण्यात मिसळत नाही. ही दोन तेलं एकत्र करायची नाहीत.

आता पाइप. मास्टर सिलेंडरपासून एक रबरी होज खाली येतो, योकजवळच्या कंसाशी धातूच्या पाइपला किंवा दुसऱ्या होजला मिळतो, आणि शेवटी धातूचा छोटा पाइप कॅलिपरमध्ये शिरतो. मांडणी मॉडेलप्रमाणे बदलते, सोडण्याचा नियम बदलत नाही: होजला पीळ बसता कामा नये. म्हणून प्रत्येक सांध्यावर दोन पाने. एकाने होजचा षटकोन धरून ठेवायचा, दुसऱ्याने धातूच्या पाइपचा नट फिरवायचा. पाइप सुटला की कंसावरचा लॉकनट सोडा, होजचं ते टोक मोकळं होतं. आता संपूर्ण होज हातात धरून फिरवत दुसऱ्या टोकाच्या आट्यांतून काढा. होजचं एक टोक पक्कं असताना दुसरं टोक फिरवलं की आतलं कापड उसवतं. बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे कधीतरी तो होज फुगतो.

पाइपचा नट बहुधा पाइपला गंजाने चिकटलेला असतो. नट फिरवला की पाइपही फिरताना दिसतो. तिथेच थांबा. तेल सोडा, नट जरा आवळा, जरा सोडा, परत आवळा. प्रत्येक वेळी थोडा जास्त फिरेल. पाइप जायचाच असेल तर जाऊ द्या, तो नवा बनवता येतो. कॅलिपरचे आटे मात्र वाचवा. सांध्यांतल्या तांब्याच्या चकत्या परत वापरायच्या नाहीत, पण मोजमापासाठी ठेवा.

तोंडं उघडी पडली की लगेच बंद करा, प्लास्टिकच्या टोप्या असतील तर उत्तम. कापडाचा बोळा कोंबू नका, त्याचे धागे आत राहतात.

मास्टर सिलेंडर खोलायचा असेल तर रबरी बूट काढा, आतली सर्कलिप पक्कडीने सोडा. पिस्टन, रबरी कप, स्प्रिंग आणि तळाची झडप ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर एका रेषेत मांडा, कपाचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्यासह. फोटो घ्या. पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नका, खनिज तेलाने हे रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल किंवा अल्कोहोल वापरा. आतल्या भिंतीवरून नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर नवा कप घालून उपयोग नाही, सिलेंडरला आतून बाही बसवावी लागेल किंवा तो बदलावा लागेल. इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

स्विच आणि वायरी

हेडलाइटची काच उतरवा. बहुतेक वायरींचे सांधे वाटीत सापडतात. लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे हे सांधे म्हणजे रबरी आवरणातली धातूची नळी आणि तिच्यात बसणारी गोळी. वायरीला धरून ओढू नका. गोळीच्या मागे पक्कडीने हलकं धरा, किंचित फिरवा, मग ओढा.

रंग मदत करतात: हेडलाइटचा स्विचकडे जाणारा पुरवठा निळा, हाय बीम निळा-पांढरा, लो बीम निळा-लाल, हॉर्न जांभळा-काळा, डावा इंडिकेटर हिरवा-लाल, उजवा हिरवा-पांढरा. पण इतक्या वर्षांत उन्हाने पिवळी पडलेली वायर आणि पांढरी वायर सारख्याच दिसतात. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावा.

१९७१पासून ट्रायम्फ-बीएसएवर लुकासचे अ‍ॅल्युमिनियमचे स्विच आले, लिव्हरच्या कंसाशी एकत्र असलेले. डिस्कच्या ट्रायम्फवर उजवीकडे त्यालाच मास्टर सिलेंडर जोडलेला असतो, म्हणून आधी हायड्रॉलिकचं काम, मग स्विचचं. त्याआधीच्या गाड्यांवर डिपर आणि हॉर्नचा छोटा क्रोमचा स्विच असतो. तो उघडताना आतली स्प्रिंग उडते, म्हणून एका पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. वायर हँडलच्या आतून गेली असेल तर ओढण्याआधी तिच्या टोकाला दोरा बांधा. वायर बाहेर, दोरा आत. परत घालताना तोच दोरा वायर ओढून नेतो.

ट्रायम्फच्या नॅसेलच्या गाड्यांवर, म्हणजे १९४९पासूनच्या काही मॉडेलांवर, हेडलाइट, मीटर आणि हँडलचे क्लँप सगळं एका पत्र्याच्या टोपणाखाली असतं. तिथे नॅसेलचा वरचा भाग उचलल्याशिवाय हँडल निघत नाही.

लिव्हर, छोट्या लिव्हरी आणि शेवटी हँडल

लिव्हरच्या खिळीखाली लॉकनट असतो. आधी तो, मग वरून स्क्रू. उलटं केलं तर कंसातले आटे जातात. लिव्हर सुटी झाली की खिळीच्या मध्यापासून निपलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ब्रिटिश लिव्हरी ७/८ इंच आणि १ १/१६ इंच अशा दोन्ही अंतरांच्या येतात, दिसायला सारख्याच. चुकीची बसवली तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा ब्रेक लाकडासारखा लागतो. नवी लिव्हर घेताना हे एक माप जवळ असणं मॉडेलच्या नावापेक्षा जास्त कामाचं.

मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राच्या) गाड्यांवर चोक आणि ठिणगी पुढे-मागे करण्याच्या छोट्या लिव्हरी असतात. मधला स्क्रू काढताना तळहाताने झाका, आत स्प्रिंगची चकती असते. ठिणगीची केबल ताणलेली असताना मॅग्नेटो कुठल्या बाजूला जातो ते काढण्याआधी लिहून ठेवा. हे सगळ्या गाड्यांत एकसारखं नसतं. आणखी जुन्या गाड्यांवर लिव्हरी हँडलच्या टोकातून आत वळलेल्या असतात, केबल नळीच्या आतून जाते. त्यातल्या काही टोकाशी पाचरीने धरलेल्या असतात. स्क्रू थोडा सोडा, त्यावर हलका टोला द्या, पाचर सुटते. काही मात्र हँडललाच झाळलेल्या असतात. त्या निघत नाहीत, खटपट करू नका.

आता हँडल. बहुतेक युद्धोत्तर गाड्यांची नळी ७/८ इंचाची, काही जुन्यांची १ इंचाची. क्लँपचे बोल्ट एकेक पूर्ण न काढता चारही थोडे थोडे सोडा. ट्रायम्फवर रबरी बुशमध्ये बसलेले धारक असतात, त्यांच्या चकत्यांचा क्रम टिपा.

काढलेल्या प्रत्येक केबलची दोन मापं घ्या: बाहेरच्या आवरणाची लांबी, आणि आवरण एका टोकाला पूर्ण सरकवल्यावर दुसऱ्या टोकाला मोकळी राहणारी तार. या गाड्या मोठ्या संख्येने अमेरिकेला जात असत, तिकडची हँडलं उंच, त्यामुळे केबलही लांब. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगवेगळी केबल लागू शकते. जुनी केबल नवी हातात येईपर्यंत ठेवा आणि दोन्ही शेजारी धरून बघा.

मागचा ब्रेक या कामात उघडू नका. पुढचा ब्रेक नसलेली गाडी उतारावर किंवा बाजूच्या स्टँडवर ठेवायची नाही. मधल्या स्टँडवर घ्या, पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, आणि ‘पुढे ब्रेक नाही’ अशी ठळक चिठ्ठी किल्लीच्या जागेवर चिकटवा. गॅरेजमध्ये दुसरं कुणी आलं आणि गाडी जरा बाजूला घ्यावी म्हणून ढकलली, तर ती थांबवायला हँडलवर काहीच शिल्लक नसतं.